डोंगरापलीकडचं पनवेल

आमच्या बदलापुरातून दक्षिणेकडे पाहिलं की मलंगगडापासून चंदेरीपर्यंत डोंगराची रांग दिसते. लहानपणी आमचं जग त्या रांगेपाशी संपायचं. रांगेपलीकडे पनवेल. माझी थोरली आत्या तिकडे दिलेली होती. ती माहेरपणाला आली की येताना सुक्या बोंबलाची पुरचुंडी आणायची आणि जाताना तांदळाची गोणी घेऊन जायची. पनवेल म्हणजे आत्या आणि बोंबलाचा वास, एवढंच मला ठाऊक होतं.

२०१९च्या मार्चमध्ये सकाळी चहा पिताना पेपरात एक बातमी वाचली. नौदलातले निवृत्त कॅप्टन मोहन नारायणराव सामंत मुंबईत वारले, वय ८९. महावीर चक्राचे मानकरी. १९७१ सालच्या युद्धात खुलना बंदरावर चाल करून गेलेल्या तीन छोट्या नौकांचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. त्या तीन नौकांतल्या एकीचं नाव ‘पनवेल’.

मी ती ओळ दोनदा वाचली. आत्याचं पनवेल बंगालच्या खाडीत काय करत होतं? मग शोधत गेलो. पुढे त्याच वर्षी सामंतांनी पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासोबत लिहिलेलं पुस्तक आलं, तेही मिळवलं. ते वाचून संपलं तेव्हा मला सामंतांइतकीच माझ्या बाबांची आठवण येत होती. बाबांचा आणि सामंतांचा काडीचा संबंध नव्हता. तरी या लेखात दोघंही येणार आहेत, त्याला इलाज नाही.

बाबा अंबरनाथच्या आयुध कारखान्यात कामाला होते. घरची भातशेती दीड एकर, तीही दोन भावांत. पावसाळ्याचे चार महिने आई आणि आजी शेत सांभाळायच्या, बाबा सायकलने अंबरनाथ गाठायचे. संध्याकाळी ते अंगणात सायकल लावायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना तेलाचा आणि पितळेचा वास यायचा. वासापलीकडे कारखान्यातलं काही घरात आलं नाही. गावात आगपेटीच्या कारखान्यात जाणारेही होते. ते काड्या कशा बुडवतात, पेट्या कशा चिकटवतात ते रंगवून सांगायचे. मी बाबांना विचारायचो, “बाबा, तू काय करतस तिथं?” बाबा म्हणायचे, “तुना काय कराचं? सांगाचं नसतं.” कामावर घेताना गुप्ततेच्या कागदावर सही घेतलेली होती. आणि बाबा सहीला फार मानणारे. त्यांना तेवढी एकच सही येत होती, असं आजी गमतीने म्हणायची.

लष्कर आमच्या मुलखाला नवं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी वसवली, तीच कल्याण कॅम्प. नेवाळीला विमानाची धावपट्टी केली, त्यात शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. आजीच्या माहेरच्यांचीही गेली. लढाई संपली, विमानं गेली, जमीन काही परत आली नाही. आजीच्या तोंडी लढाईचा विषय निघाला की ती फक्त हात झटकायची. पुढे फाळणी झाली आणि छावणीतल्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वसाहतीला आमच्या नदीचं नाव दिलं, उल्हासनगर. तरी आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘कॅम्पात जाऊन येतो’ असंच म्हणतात. कापड घ्यायचं तर कॅम्प, लग्नाचा बस्ता कॅम्पात. एक नंबर, दोन नंबर, पाच नंबर, हे छावणीचेच आकडे.

१९७१ साली मी दहा वर्षांचा होतो. त्या वर्षी पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसं सरहद्द ओलांडून आपल्याकडे आली. आकडा मला तेव्हा कळला नाही, तिकीट कळलं. नोव्हेंबरात टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावायची सक्ती झाली, निर्वासितांच्या मदतीसाठी. आत्याला पत्र टाकायला बाबांनी कॅम्पातून लिफाफा आणला तेव्हा मी बरोबर होतो. दुकानदार सिंधी, वयस्कर. त्याने ते तिकीट जिभेला लावलं, लिफाफ्यावर दाबलं आणि कितीतरी वेळ अंगठा उचललाच नाही. मग म्हणाला, “भाऊ, आमच्या वेळेला असा तिकीट नव्हता.” बाबा काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “तो पन असाच आल्ता, रिकाम्या हातानं.”

३ डिसेंबरला युद्ध पेटलं. मुंबईसारखाच आमच्याकडेही ब्लॅकआउट. अंबरनाथला आयुध कारखाना, म्हणून आमच्या भागात जास्त कडक. घरात दोनच कंदील, त्यांच्या काचांना कागद चिकटवला. चूल दिवस मावळायच्या आत विझवायची. आजी झोपेतून उठून बघायची आणि ओरडायची, “दिवा इजव रं. आभालाला डोले असतात.” बाबांची पाळी वाढली. अंधार असताना जायचे, अंधार झाल्यावर यायचे. काही रात्री आलेच नाहीत. रेडिओ शेजारच्या ओट्यावर. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि त्यांचे सहकारी मिळून १९४ जण गेले. ती बातमी आली तेव्हा ओट्यावर कुणी बोलेना. बाबा जेवताना उठले आणि हात धुऊन पुन्हा कामावर गेले.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. शाळेत पेढे वाटले. गुरुजींनी पाटीवर लिहायला सांगितलं, ‘माझ्या ओळखीचा वीर’. वर्गातल्या एकाचा काका मराठा पलटणीत होता. त्याने पाटी भरून लिहिलं. मी नुसतं नाव लिहिलं आणि पाटी पालथी ठेवली.

आता सामंतांकडे येतो.

४ सप्टेंबर १९६९ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात ‘करंज’ नावाची पाणबुडी आपल्या नौदलात दाखल झाली. तिचे पहिले कप्तान सामंत. करंज हे नाव उरणच्या करंजा बेटावरून आलेलं. म्हणजे पनवेलसारखंच तेही आमच्या शेजारचं. दोन वर्षं झाली नाहीत तोच सामंतांना दिल्लीला बोलावून घेतलं गेलं. नौदलप्रमुख होते ॲडमिरल नंदा. काम असं होतं की ज्याचं नाव घ्यायचं नाही. पूर्व पाकिस्तानात लष्कर उतरत होतं, दारूगोळा उतरत होता, तो सगळा जहाजांतून. ती जहाजं बंदरातच निकामी करायची. युद्ध पुकारलेलं नव्हतं. तेव्हा आपल्या नौदलाचा गणवेश घातलेला एकही माणूस तिथे दिसता कामा नये.

माणसं मिळाली ती अशी. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात पाकिस्तानची ‘मांग्रो’ नावाची नवी पाणबुडी तयार होत होती. तिच्यावरच्या आठ बंगाली खलाशांनी ढाक्यातल्या कत्तलीच्या बातम्या ऐकल्या आणि मार्चअखेर पाणबुडी सोडली. स्पेनमध्ये शिरून ते माद्रिदच्या भारतीय वकिलातीत पोचले, तिथून दिल्लीला. पाण्याखालचं काम जाणणारी ही आठ माणसं म्हणजे विरजणाचा थेंब. दूध लागणार होतं खूप. ते निर्वासितांच्या छावण्यांतून आलं. शाळा-कॉलेजातली पोरं, शेतकऱ्यांची पोरं, मच्छीमारांची पोरं. निवडताना पहिला प्रश्न, पोहता येतं का?

पश्चिम बंगालमध्ये प्लासीजवळ भागीरथीच्या काठी तळ पडला. १७५७ साली क्लाइव्हने जिथे बंगाल जिंकला तेच प्लासी. तळावरचं शिक्षण लेफ्टनंट कमांडर मार्टिस आणि आपल्या नौदलाचे पाणबुडे बघत. सामंत दिल्लीहून साऱ्या कामाची दोरी धरून होते. पोरांना तासन् तास नदीत ठेवत. पोटाला विटा बांधून पोहायला लावत. उताणं पोहायचं, नाक-तोंड तेवढं पाण्यावर, पाय मारल्याचा आवाज येऊ द्यायचा नाही. पायात बदकाच्या पंज्यासारखे रबरी पंजे, कमरेला सुरी.

विटांचं वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. मला बाबांनी उल्हास नदीत पोहायला शिकवलं होतं. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि डोहात ढकलून द्यायचं. भोपळा बुडू देत नाही. महिनाभराने बाबांनी न सांगता भोपळा सोडला, आणि मी पलीकडच्या काठाला लागलो तेव्हा कळलं की पाठ रिकामी आहे. नदीकाठची पोरं सगळीकडे अशीच शिकत असणार. त्या बंगाली पोरांच्याही पाठीला कुणी बापाने कधीतरी भोपळा बांधला असेल. आता पोटाला वीट होती, आणि पुढे विटेच्या जागी सुरुंग येणार होता. तो छातीशी गमछाने बांधायचा, जहाजापर्यंत पोहत जायचं, पाण्याखाली बुडी मारायची, जहाजाच्या बुडाचं शेवाळ खरवडायचं आणि सुरुंग लावायचा. तो लोहचुंबकाने चिकटतो. त्याला पाण्यात विरघळणारं बूच असतं. बूच विरघळलं की सुरुंग उडतो, पोहणाऱ्याला परतायला तेवढाच वेळ. पण नदीतून पोहत जातानाच बूच भिजलं तर? त्याला टोपण म्हणून कुटुंबनियोजनाचे निरोध घातले. लावताना ते काढून टाकायचं. सरकारी दवाखान्यात फुकट वाटलेल्या निरोधांचे आम्ही पोरं फुगे करायचो. तीच वस्तू तिथे एवढ्या कामाला आली.

ऑगस्ट उजाडला. वेगवेगळ्या तुकड्या गावागावांतून, रात्री होडीने, दिवसा कुणाच्या घरात लपत आपापल्या बंदरांकडे निघाल्या. चटगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज. अंतर कितीतरी शेकडो किलोमीटर, आणि घाव एकाच रात्री पडायला हवा. निरोप कसा द्यायचा? तुकडीच्या नायकाकडे छोटा रेडिओ दिला होता. कलकत्ता आकाशवाणीवर ठरलेलं एक गाणं लागलं की तयारीला लागा. दुसरं गाणं लागलं की त्या रात्री घाव घाला. पहिलं गाणं पंकज मलिकांचं. दुसरं बाहुली सासरी निघाल्याचं, लहान मुलींच्या खेळातलं वाटावं असं. त्या सकाळी लाखो घरांत ते गाणं वाजलं असेल. आया पोरींच्या वेण्या घालत असतील. गाण्याच्या पोटात काय आहे ते तुकड्यांच्या नायकांनाच ठाऊक होतं.

१५ ऑगस्टची रात्र उलटली आणि चारही बंदरांत स्फोट सुरू झाले. चटगावला तुकडीचे नायक होते ए. डब्ल्यू. चौधरी, ‘मांग्रो’ सोडून आलेल्या आठांतले एक. तिथे ‘अल अब्बास’ आणि ‘होर्मुझ’ ही जहाजं उडाली. श्रावणातल्या पुराच्या पाण्यात ही पोरं उतरली होती. श्रावणातला उल्हास मी पाहिलेला आहे. गढूळ पाणी, अख्खी झाडं वाहत येतात, आमच्यातला पट्टीचा पोहणाराही तेव्हा काठावर बसतो. त्या रात्रीनंतर पुढचे महिने हे घाव पडतच राहिले. परदेशी जहाजं पूर्वेच्या बंदरांत यायला कचरू लागली. तळावर चारशेहून अधिक पोरं तयार झाली. जगाने याचं श्रेय मुक्तिवाहिनीला दिलं, आणि ते योग्यच होतं, कारण पाण्यात उतरली ती त्यांची पोरं होती. दिल्लीतल्या त्या माणसाचं नाव कुठेच आलं नाही. येऊ नये हाच तर बेत होता.

उघडं युद्ध पेटल्यावर सामंत स्वतः पाण्यावर आले. कलकत्ता बंदराकडच्या दोन साध्या नौकांवर तोफा बसवून त्यांना ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ अशी नावं दिली होती. त्यांवर बंगाली खलाशी. सोबत आपल्या नौदलाची छोटी गस्ती नौका ‘पनवेल’, तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर नरोन्हा. सुंदरबनच्या खाड्यांतून, जिथे नीट नकाशेही नाहीत अशा वाटेने हा ताफा मोंगल्यावर पोचला. शत्रूला पत्ता नव्हता. तिथून पुढे खुलन्याकडे.

१० डिसेंबरला खुलन्याच्या तोंडाशी आभाळात विमानं दिसली. आपलीच, नॅट. आपली म्हणून ओळखू यावं यासाठी नौकांच्या वरच्या भागाला पिवळा रंग दिलेला होता. तरी चूक झाली. विमानांनी झेप घेतली आणि ‘पद्मा’, ‘पलाश’ दोन्ही पेटल्या. ‘पलाश’च्या इंजिनघरात रुहुल अमीन होते. ते नौका वाचवायला झटले, शेवटी जखमी होऊन पाण्यात पडले आणि त्याच दिवशी गेले. बांगलादेशाने वीरश्रेष्ठ हा सर्वांत मोठा किताब फक्त सात जणांना दिला, त्यांतले ते एक.

‘पनवेल’ वाचली. काठावरून पाकिस्तानी सैन्याचा मारा चालू, वरून पुन्हा विमानं येण्याची भीती, आणि नदीत जळालेली, घायाळ माणसं हात वर करतायत. सामंतांनी आणि नरोन्हांनी नौका तिथेच ठेवली. त्या माऱ्यात जेवढी माणसं हाती लागली तेवढी वर ओढून घेतली, आणि तरीही खुलन्यावर तोफा डागणं सोडलं नाही. दोघांनाही महावीर चक्र मिळालं.

मला त्या सगळ्या हकिगतीत तो पिवळा रंग विसरता येत नाही. आजी म्हणायची, आभाळाला डोळे असतात. असतात, पण त्यांना आपलं-परकं कळतंच असं नाही. आणि आपल्याच हातून झालेला तो घाव त्या माणसाने पन्नास वर्षं उराशी ठेवला. बक्षिसाची गोष्ट माणूस सांगतो. ही कशी सांगणार? पुस्तकात त्यांनी ती सांगितली, कुणाला शिव्या न देता.

पदक मिळालं म्हणून सामंतांचं नाव सैन्याच्या यादीत आलं, पण ते खुलन्यासाठी. प्लासीच्या तळाबद्दल त्यांना कितीतरी वर्षं उघड बोलता आलं नाही. मुंबईत राहणारा हा माणूस भाजी आणायला जात असेल, रांगेत उभा राहत असेल, आणि मागचा म्हणत असेल, काका, जरा सरका.

आता बाबांचं सांगतो, म्हणजे मी मोकळा झालो.

मी अकरावीत होतो. कॉलेजला कल्याणला जायचो, चार पुस्तकं वाचून शिंगं फुटली होती. घरात कशावरून तरी खटका उडाला. मला फीसाठी पैसे हवे होते आणि बाबा म्हणाले, भात विकल्यावर बघू. मी म्हणालो, “सगळ्यांचे बाप काहीतरी करतात. लढाई झाली तेव्हा पण तू काय केलंस? पितळ घासलंस.” आईने कपाळावर हात मारला. बाबा पडवीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. एवढंच. उठले, गोठ्यात गेले. पैसे दुसऱ्या दिवशी माझ्या वहीत ठेवलेले सापडले. आईच्या कानातल्या कुड्या दिवाळीपर्यंत दिसल्या नाहीत.

त्या डिसेंबरात बाबा रात्र-रात्र काय करत होते ते मला कधीच कळलं नाही. निवृत्त झाल्यावरही ते बोलले नाहीत. एकदा नातीने विचारलं तर तिला म्हणाले, “सही केलीय ना बाय.” त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नसत. ती कधी, कशाने, तेही नाही. अंत्यविधीला कारखान्यातली सातआठ म्हातारी माणसं आली होती. कुणी काही सांगेल म्हणून मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी बाबांची शिस्त सांगितली, सायकल सांगितली, डब्यातली सुकटीची चटणी सांगितली. कामाचं कुणी बोललं नाही. त्यांनीही सही केलेली होती.

सामंतांची बातमी वाचली तेव्हा बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. बाबांनी पितळच घासलं असेल. मी त्यांना सामंतांच्या पंगतीला बसवत नाही, त्यांनाच ते आवडलं नसतं. पण तोंड उघडून पुन्हा मिटताना माणसाला काय पडतं, ते मला त्या पुस्तकाने दाखवलं. एक शब्द बोलून पोराचं तोंड गप्प करता आलं असतं. तो शब्द त्यांनी गिळला, कारण तो द्यायचा नाही असं कबूल केलं होतं.

१० मार्च २०२१ला नवी ‘करंज’ पाणबुडी मुंबईत नौदलात आली. जुन्या ‘करंज’चे युद्धकाळातले कप्तान, पुढे नौदलप्रमुख झालेले ॲडमिरल शेखावत, त्या सोहळ्याला होते. पहिले कप्तान नव्हते, ते दोन वर्षांपूर्वीच गेलेले. मी टीव्हीवर बघत होतो. माझी नात शेजारी होती. मी तिला म्हटलं, करंजा आपल्या उरणचा, आणि पनवेल त्या डोंगराच्या पलीकडे. तिने खिडकीतून बघितलं. समोर आता सात मजली इमारत आहे, डोंगर दिसत नाही. “कुठला डोंगर?” म्हणाली.

मग तिला गच्चीवर नेलं. तिथून चंदेरीचा सुळका अजून दिसतो. तिला सगळं सांगितलं. भोपळा, विटा, बाहुलीचं गाणं, पिवळा रंग. पणजोबांचंही सांगितलं, जेवढं मला ठाऊक आहे तेवढं. तिने विचारलं, “मग ते काय करायचे कारखान्यात?”

मी म्हटलं, “त्यांनी सही केली होती बाय.”